थकलेला रोजमुरा : मराठी इतिहासकथनातील भाडोत्री सैनिक आणि वऱ्हाडची भूमी

१

'भाडोत्री' हे विशेषण मराठीत मुळात घर, घोडा, गाडी यांना लागते. जी वस्तू आपली नाही, पण पैसे मोजून काही काळ वापरता येते, ती भाडोत्री. हेच विशेषण सैनिकाला लागते तेव्हा त्यात एक नैतिक निवाडा आधीच होऊन गेलेला असतो. पैशासाठी लढणारा माणूस कोणाचाच नसतो, तो आज या बाजूला तर उद्या त्या बाजूला जाईल, आणि ज्या युद्धात तो उतरतो ते युद्ध त्याच्या दृष्टीने खरे युद्धच नसते, असे हे विशेषण सुचवते. मराठी ऐतिहासिक कादंबरी आणि नाटक यांनी हा निवाडा बहुधा प्रश्न न विचारता स्वीकारलेला आहे. इतिहासलेखनानेही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी सत्तेच्या ऱ्हासाची कारणे सांगताना 'परकी, पगारी फौज' हे कारण वारंवार पुढे केले आहे. सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथापासून (१९२८) ही मांडणी विद्यापीठीय अभ्यासातही रुळली.

या निवाड्याची तपासणी करायची तर त्यासाठी भूमी कोणती निवडावी, हा प्रश्न गौण नाही. पुणे किंवा पानिपत यांच्याभोवती कथनांची इतकी दाट वीण झालेली आहे की तेथे सैनिक दिसण्याआधी नायक दिसतो. यवतमाळ जिल्ह्याचे तसे नाही. पांढरकवडा, उमरखेड, वणी ही नावे मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या नकाशावर जवळजवळ नाहीत. तरीही दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची अखेरची मोठी फाटाफूट येथेच झाली, आणि पुढे पस्तीस वर्षांनी हा सारा प्रदेशच एका पगारी फौजेच्या खर्चापोटी एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेला. ज्या भूमीची मालकी सैनिकांच्या वेतनावरून ठरली, त्या भूमीवरून पाहिले असता 'भाडोत्री' या शब्दाचा अर्थ पालटतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

बखरगद्याचा या संदर्भातील नेहमीचा शब्द 'चाकर' हा आहे, आणि त्यात कमीपणा नाही. सरदार चाकरी करतो, शिलेदार चाकरी करतो, मुत्सद्दीही चाकरीच करतो. चाकरीच्या जोडीने येणारे 'इमान' आणि 'निमक' हे शब्द एका देवघेवीची आठवण ठेवून असतात. मिठाला जागायचे तर आधी मीठ मिळालेले असले पाहिजे. मराठी लष्करी व्यवस्थेतील पारिभाषिक शब्दही हेच सांगतात. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मोहिमेपूर्वी आगाऊ दिली जाणारी रक्कम ती नालबंदी. ठरावीक मुदतीने मिळणारे वेतन तो रोजमुरा. किल्ल्याच्या अगर परगण्याच्या बंदोबस्ताला ठेवलेली फौज ती शिबंदी. सरंजाम म्हणजे तरी काय? फौज बाळगण्याच्या अटीवर लावून दिलेला मुलखाचा वसूल. म्हणजे सरंजामदाराला वेतन मुलखाच्या रूपाने मिळे आणि गारद्याला रोकडीच्या रूपाने मिळे, एवढाच दोहोंतील फरक होता. वेतन मात्र दोघांनाही होते.

'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द' या शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली कवायत शिकलेले, बंदुकीने लढणारे पायदळ म्हणजे गारदी. या पायदळाचे दोन नायक मराठी इतिहासकथनाला जवळजवळ एकाच वेळी भेटतात. मुजफ्फरखान गारद्याने १७५९ च्या ऑक्टोबरात पुण्यात सदाशिवरावभाऊंवर मारेकरी घालण्याचा कट केला आणि त्यापायी त्याला देहदंड झाला. त्याच सुमारास इब्राहीमखान गारदी मराठ्यांच्या चाकरीत आला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊंच्या बाजूने अखेरपर्यंत लढला. पकडला गेल्यावर त्याला ठार करण्यात आले. या दोन माणसांतून मराठी कथनात भाडोत्री सैनिकाचे दोन साचे तयार झाले. एक विश्वासघातकी मारेकऱ्याचा आणि दुसरा अपवादात्मक इमानदाराचा. दुसरा साचा पहिल्याचे खंडन करीत नाही, उलट त्याला पक्केपणा आणतो. इब्राहीमखानाची थोरवी सांगताना कथनकार नकळत असे सुचवीत असतो की, इतरांकडून मात्र अशी अपेक्षा नव्हती.

या संदर्भात शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताचा फारसी वृत्तांत फार बोलका आहे. लढाईच्या दिवशी सकाळी इब्राहीमखान भाऊंकडे आला आणि त्याने आपल्या माणसांच्या पगाराचा विषय काढला, असे काशीराज सांगतो. दरमहाचा पगार नियमित मिळावा म्हणून आपण तगादा लावीत आलो आणि त्यामुळे भाऊंची इतराजी झाली; आता तर खजिना लुटला गेल्याने पगार मिळालेलाही नाही; पण आजवर घेतलेला पैसा फुकट घेतला नव्हता हे आजच दिसेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हे संभाषण शब्दशः घडले की काशीराजाने ते रचले, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, अठराव्या शतकातील या कथनकाराला पगार आणि पराक्रम यांत विसंगती दिसली नाही. इब्राहीमखानाचे इमान त्याने पगाराच्या भाषेतच मांडले. तो पैसे विसरून लढला, असे काशीराज म्हणत नाही. घेतलेल्या पैशाचा हिशेब चुकवण्यासाठी लढला, असे म्हणतो.

विसाव्या शतकातील कथनात हा हिशेब मागे पडला. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीमुळे इब्राहीमखान नव्या वाचकवर्गाच्या मनात ठसला, हे त्या कादंबरीचे श्रेय निर्विवाद आहे. पण या वाचकवर्गाच्या आस्वादात त्याचे इमान मुख्यतः धर्माच्या कसोटीवर तोलले जाते. स्वधर्मीयांची हाक नाकारून मालकाच्या बाजूने उभा राहिलेला मुसलमान, ही त्याची ओळख ठरते. आधुनिक राष्ट्रवादाला आवश्यक असलेली ही प्रतिमा उदार आहे, याबद्दल वाद नाही. मात्र या उदारपणाची एक किंमत आहे. इब्राहीमखान धर्माचा प्रतिनिधी झाला आणि हजारो माणसांच्या पगारासाठी मालकाशी भांडणारा सेनानायक राहिला नाही.

३

मारेकऱ्याचा साचा पक्का झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाने. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ ही गारद्यांची नावे मराठी माणसाच्या तोंडी आहेत. पण या घटनेभोवती जी दंतकथा रूढ झाली, तिची रचना पाहिली तर गारद्यांचे तीतील स्थान विलक्षण आहे. पत्रात 'धरावे' असे होते, त्याचे कोणी 'मारावे' केले. 'ध' चा 'मा' झाला. दंतकथेनुसार अपराध अक्षरात आहे आणि ते अक्षर बदलणाऱ्या हातात आहे. ज्यांनी तलवार चालवली त्यांना स्वतःची इच्छाच नाही. पत्रात 'धरावे' असते तर त्यांनी धरले असते, 'मारावे' होते म्हणून मारले. म्हणजे भाडोत्री सैनिक येथे पत्राचा वाचक आहे, आणि तोही कोणताही अर्थ न लावणारा वाचक आहे. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाचे नाट्य राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री यांच्यात घडते, ते उगाच नाही. गारद्यांकडे नाट्याला लागणारे मन या कथनपरंपरेने शिल्लकच ठेवलेले नव्हते.

ही सोय कोणाची होती? खुनाचा आरोप पेशव्यांच्या घरातल्या माणसांवर येत होता. ज्या समाजाला आपल्या सत्ताकेंद्रातील फूट कथनात आणायची आहे, पण ती पूर्णपणे आपली म्हणून स्वीकारायची नाही, त्याला मधे एक परका हात लागतो. भाडोत्री सैनिक हा तो हात. तो आपल्या आज्ञेने चालतो, म्हणून घटना घडते; तो आपला नसतो, म्हणून घटनेचा डाग काहीसा दूर राहतो. मराठी इतिहासकथनात भाडोत्री सैनिकाचे जे कार्य आहे ते असे लष्करी असण्यापेक्षा कथनात्मक अधिक आहे.

४

साहित्यातील या साच्यांकडून वऱ्हाडात प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींकडे वळले की चित्र पालटू लागते. वऱ्हाडावर नागपूरकर भोसले आणि निजाम यांचा दुहेरी अंमल होता. लोक त्याला दोअमली म्हणत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावच्या लढाईत भोसल्यांच्या फौजेतील एका परदेशी पायदळ तुकडीने वेलस्लीच्या पलटणींवर निकराचा हल्ला केला आणि ती तुकडी जवळजवळ नष्ट झाली. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि आजचा यवतमाळ जिल्हा निजामाच्या एकट्याच्या अमलाखाली गेला. भोसले मागे हटले तरी त्यांच्या चाकरीतील अरब नागपुरात राहिले.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. डिसेंबरच्या मध्यास आप्पासाहेब भोसले इंग्रजांना शरण गेले. राजा शरण गेला, पण अरब गेले नाहीत. त्यांनी नागपूर शहर धरून ठेवले, २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला परतवला आणि बायकामुले व सामानसुमान यांसह सुखरूप बाहेर पडण्याची हमी मिळाल्यावरच ३० डिसेंबरला शहर सोडण्याचे मान्य केले. 'पैसा संपला की भाडोत्री सैनिक पळतो' या सूत्रात ही घटना बसत नाही. बायकामुले घेऊन शहरात राहणारी माणसे परकी कोणत्या अर्थाने, हाही प्रश्न तिच्यातून उभा राहतो.

आप्पासाहेबांचा सरदार गणपतराव सुभेदार यानंतर बाजीरावाला जाऊन मिळाला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला बापू गोखले पडले होते, साताऱ्याचे महाराज इंग्रजांच्या हाती लागले होते आणि बाजीराव चांद्याच्या रोखाने पूर्वेकडे सरकत होता. वर्धा ओलांडण्याची वाट अडवली गेली. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सच्या घोडदळाने आणि घोडतोफखान्याने त्याला गाठले. लढाई म्हणावी अशी झुंज फारशी झाली नाही. उरलेल्या पाच तोफा गेल्या, हत्ती-उंट गेले, बाजीराव घोड्यावरून निसटला आणि त्यानंतर फौज झपाट्याने पांगली. ज्या भूमीवर हे घडले ती पेशव्यांची नव्हती, भोसल्यांची राहिली नव्हती आणि कंपनीची झालेली नव्हती. ती कागदोपत्री निजामाची होती.

खडकी, कोरेगाव, आष्टी यांच्या मानाने पांढरकवड्याचे नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. ना. सं. इनामदारांच्या 'मंत्रावेगळा' (१९६९) सारख्या कादंबरीने दुसऱ्या बाजीरावाच्या रूढ प्रतिमेचा फेरविचार केला, तो महत्त्वाचाच आहे. पण असा फेरविचार बहुधा नायकापाशी थांबतो. बाजीराव भित्रा होता की दुर्दैवी होता, एवढाच प्रश्न त्यात शिल्लक राहतो. पांढरकवड्याला जे विरघळले ते एका माणसाचे धैर्य नव्हते. वेतनाची एक संपूर्ण व्यवस्था तेथे मोडली. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता. वतने आणि इनामे पूर्ववत चालतील, मात्र बाजीरावाच्या चाकरीतील लोकांनी दोन महिन्यांच्या आत ती सोडून घरी परतावे, असे त्यात होते. या मुदतीचा शेवट आणि पांढरकवडा यांच्यात आठवड्याचेही अंतर नाही. ज्यांच्याकडे वतन किंवा इनाम होते त्यांना परतायला घर होते आणि राखायला कागद होता. रोकड वेतनावर आलेल्या अरबांना जाहीरनाम्याने काहीच देऊ केले नव्हते. म्हणून वतनदार आधी गेले आणि 'भाडोत्री' माणसे मागे राहिली. पुढील कथनात मात्र वतनदाराच्या जाण्याला 'परिस्थितीची ओढ' म्हटले गेले आणि अरबांच्या राहण्याला कोणतेच नाव मिळाले नाही.

३ जून १८१८ रोजी बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या छावणीतील अरबांनी त्याला वेढा घालून थकलेला पगार मागितला. वादाचा मुद्दा मोठा सूक्ष्म होता. या माणसांना त्रिंबकजी डेंगळ्याने नोकरीस ठेवले होते. बाजीराव त्यांना आपल्या छावणीत दाखल झाल्या दिवसापासून पगार देण्यास तयार होता. त्यांचे म्हणणे असे की, पगार नेमणुकीच्या दिवसापासून मोजला पाहिजे. माल्कमने मध्यस्थी करून हे प्रकरण मिटवले. पेशवाईच्या अखेरच्या अंकात पेशवा आणि त्याचे सैनिक यांच्यात जे शेवटचे बोलणे झाले ते असे तारखेच्या हिशेबाबद्दल होते. बाजीरावाला स्वतःला वार्षिक आठ लाखांचा तनखा मिळाला आणि तो बिठूरला गेला. 'तनखा' या शब्दात वेतन आणि निवृत्तिवेतन या दोन्ही अर्थच्छटा आहेत. अरब जे मागत होते आणि पेशव्याला जे मिळाले, त्यांना भाषेने एकच शब्द दिला. साहित्याने दिलेली प्रतिष्ठा मात्र वेगवेगळी होती.

याच महिन्यात मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी शस्त्रे खाली ठेवली. तेथील शरणागतीच्या अटींचा मराठी कागद लिहिताना कारकुनाच्या लेखणीतून इंग्रज सेनापतीला अभिप्रेत होते त्याहून अधिक सवलती उतरल्या, आणि एल्फिन्स्टनने त्या कागदाचा मान राखून अर्थ अरबांच्या बाजूने लावला. 'ध चा मा' च्या शेजारी हा प्रसंग ठेवला की मराठी कथनपरंपरेची निवड लख्ख दिसते. एका कागदातील बदलाने भाडोत्री सैनिक मारेकरी ठरला, ती गोष्ट म्हण होऊन राहिली. दुसऱ्या कागदातील शब्दांनी भाडोत्री सैनिकांचा हक्क राखला गेला, ती गोष्ट गॅझेटिअरच्या पानातच राहिली.

५

१८१९ च्या आरंभी उमरखेड परिसरात हटकरांचा नायक नोवसाजी नाईक निजामाच्या फौजेविरुद्ध उभा होता. पैनगंगेपलीकडील नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला. गढीत अरबांची शिबंदी पाचशेच्या आसपास होती. ३१ जानेवारी १८१९ रोजी गढी पडली आणि त्यांतील बहुतेक मारले गेले. बंडाला नाव राहिले ते नाईकाचे. गढीत मेलेल्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवण्याचे कारण नव्हते. ती भाडोत्री होती.

पण गढीवर चालून आलेली फौज कोणती होती? ती रसेल ब्रिगेड या नावाने ओळखली जाणारी, निजामाच्या खर्चाने उभारलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील फौज होती. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाचा कारभारी चंदुलाल याच्या सहकार्याने ती उभी केली. पुढे तिलाच हैदराबाद कंटिंजंट हे नाव मिळाले. पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा आणि लढणारे तिसरेच, अशी ही रचना होती. भाडोत्री फौजेची याहून नेमकी व्याख्या देता येणार नाही. तरीही या फौजेला कोणत्याही कथनाने भाडोत्री म्हटलेले नाही. ती 'कवायती', 'शिस्तबद्ध', 'आधुनिक' फौज ठरली. तिच्या आधुनिकपणाचा गाभा गणवेशात नव्हता, पगाराच्या नियमितपणात होता. आणि हा नियमितपणा टिकवण्यासाठी निजामाला पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांचे व पुढे खुद्द कंपनी सरकारचे कर्ज काढावे लागले.

या कर्जाचा शेवट २१ मे १८५३ च्या तहात झाला. कंटिंजंटच्या खर्चाची तरतूद म्हणून निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिले. १८६० च्या तहात सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले, पण वऱ्हाड परत मिळाले नाही. सालारजंगाने पुढे ते परत मिळवण्याची दीर्घ खटपट केली, ती निष्फळ ठरली. १९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले, आणि ज्या कंटिंजंटसाठी हे सारे झाले तीही त्याच वर्षी हिंदी सैन्यात विलीन झाली. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याची फेररचना होऊन त्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

म्हणजे यवतमाळच्या आधुनिक प्रशासकीय इतिहासाचे पहिले पान लढाईने लिहिले गेले नाही, ते पगारपत्रकाने लिहिले गेले. या प्रदेशातील कुणबी, बंजारा, गोंड, कोलाम यांच्या कष्टातून निघणारा वसूल १८५३ पासून प्रथम एका फौजेच्या दरमहाला लावून दिला होता. पानिपतावर गारद्यांचा महिना थकला होता. येथे महिना थकू नये म्हणून प्रांत गहाण पडला. वसाहतवादी विजयाचे वर्णन शौर्य किंवा फितुरी या शब्दांत करणारे कथन या घटनेपाशी निरुत्तर होते, कारण येथे कोणी शूर नाही आणि कोणी फितूरही नाही. येथे आहे ती केवळ जमाखर्चाची वही.

६

मग मराठी कथनाने ही वही बाजूला का ठेवली? एक उत्तर विचारांच्या इतिहासात आहे. भाडोत्री सैन्य निरुपयोगी आणि धोकादायक असते, हा मॅकियाव्हेलीने सोळाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील नगरराज्यांच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे. त्याच्या समोर नागरिकसैन्याचा पर्याय होता. एकोणिसाव्या शतकात राष्ट्र ही कल्पना रुजली तसा हा निष्कर्ष सार्वत्रिक नियम मानला गेला, आणि इंग्रजी शिक्षणातून आलेल्या मराठी इतिहासकारांनी व कादंबरीकारांनी तो अठराव्या शतकाला लावला. पण अठराव्या शतकातील हिंदुस्थानात नागरिकसैन्य नव्हते. डर्क कोल्फ यांनी १९९० मधील आपल्या अभ्यासात दाखवून दिल्याप्रमाणे उत्तर हिंदुस्थानात शेतकरी समाजातून येणाऱ्या सशस्त्र श्रमिकांची मोठी बाजारपेठ होती आणि 'नोकरी' हे त्या समाजातील पुरुषाच्या ओळखीचे एक अंग होते. दक्षिणेतील शिलेदार, गारदी आणि अरब हे या दृष्टीने एकाच बाजारपेठेतील वेगवेगळ्या अटींचे श्रमिक ठरतात. त्यांना 'आपले' आणि 'भाडोत्री' असे विभागण्याचे काम नंतरच्या कथनाने केले.

या विभागणीतील सर्वांत अवघड जागा कोरेगावची आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या बाजूने गावावर चालून गेलेल्या पायदळात अरब आणि गोसावी ठळक होते. कंपनीच्या सुमारे आठशे सैनिकांत महार सैनिकांची संख्या लक्षणीय होती. दोन्हीकडची माणसे पगारी होती. राष्ट्रवादी कथनाला या लढाईचे काय करावे हे कळले नाही, कारण 'आपल्या' बाजूला परके होते आणि 'परक्या' बाजूला आपले. डॉ. आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथील स्तंभाला भेट दिली, तेव्हा त्या पगाराचा एक निराळा अर्थ पुढे आला. ज्याला वतनाच्या नावाने केवळ वेठ आणि अवहेलना मिळाली होती, त्याच्यासाठी दरमहा हाती पडणारी रोकड ही बेइमानीची खूण नव्हती. जातीच्या बंधनातून बाहेर पडण्याची ती एक वाट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारदरबारी जी दाद मागितली, तिचेही मर्म हेच होते. 'भाडोत्री' या शब्दातील तुच्छता वतनदाराच्या जागेवरून उच्चारलेली आहे, हे या संदर्भात स्पष्ट होते. ज्याचे इमान जमिनीच्या कागदाने सुरक्षित होते, त्यालाच दुसऱ्याच्या रोकडीची लाज वाटू शकते.

याचा अर्थ भाडोत्री सैनिकाला निष्पाप ठरवावे, असा नाही. पेंढाऱ्यांनी जाळलेली गावे आणि शिबंदीच्या थकबाकीपायी रयतेची झालेली नागवण वऱ्हाडानेही भोगली आहे. पगार न मिळालेला सैनिक आपली वसुली शेवटी शेतकऱ्याकडूनच करतो. मात्र या लुटीला 'स्वभाव' म्हणणे वेगळे आणि तिच्यामागची थकबाकी दाखवणे वेगळे. पहिले वर्णन साचा देते. दुसरे वर्णन त्या थकबाकीला जबाबदार असलेल्या मालकाला प्रकाशात आणते. वाङ्मयीन सत्याच्या दृष्टीनेही दुसरेच अधिक समृद्ध आहे, कारण ते माणसाला इच्छा, कुटुंब आणि गाऱ्हाणे परत देते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने दीडशे वर्षे सिंहासनाच्या पायरीवरून युद्ध पाहिले. तेथून मुजरा करणारा सैनिक दिसतो, रोजमुरा मागणारा सैनिक दिसत नाही. दिसला तर व्यत्यय म्हणून दिसतो. बाजीरावाला वेढा घालणारे अरब, पानिपतावर पगाराचा विषय काढणारा इब्राहीमखान आणि नागपुरात बायकामुलांसाठी अटी घालणारी शिबंदी ही सारी त्या कथनातील व्यत्ययांची माणसे आहेत. या व्यत्ययांनाच कथानक मानून लिहिण्याची शक्यता मराठीत अजून बरीचशी मोकळी आहे. पांढरकवड्याच्या माळावर १७ एप्रिल १८१८ च्या संध्याकाळी ज्यांना ना परतायला वतन होते, ना मागायला मालक उरला होता, त्यांच्यापासून तिचा आरंभ होऊ शकेल.